समुद्राला सातबारा नाही: सागरी पवनऊर्जेच्या कायद्याचा इतिहास

समुद्रावरच्या वाऱ्यापासून वीज काढण्याचा हक्क भारतीय कायद्यात १९७६ साली नोंदला गेला. त्या वर्षी चाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २९७ नव्याने लिहिला गेला आणि पाठोपाठ सागरी क्षेत्रांचा अधिनियम आला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात भरती-ओहोटी, वारा आणि प्रवाह यांपासून ऊर्जा निर्माण करण्याचा हक्क त्याच्या कलम ७ ने केंद्राला दिला. संयुक्त राष्ट्रांचा सागरी करार १९८२ चा, तर समुद्रातल्या पवनचक्क्यांचा जगातला पहिला प्रकल्प डेन्मार्कमधील विंडेबीचा, १९९१ चा. म्हणजे ‘वारा’ हा शब्द भारताच्या कायद्यात चक्क्यांच्या पंधरा वर्षे आधी आला. ही दूरदृष्टी मोलाचीच म्हटली पाहिजे.

जमिनीवर गोष्ट सोपी असते. साताऱ्याच्या पठारावर किंवा धुळ्याच्या साक्री तालुक्यात चक्की उभारायची तर जमिनीचा मालक सातबाऱ्यावर सापडतो. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे तेच काम खसरा करतो. समुद्राला सातबारा नाही. तिथला मालक अनुच्छेद २९७ ठरवतो, आणि तो मालक आहे संघराज्य. समुद्रतळ आणि अनन्य आर्थिक क्षेत्रातली संपत्ती केंद्राकडे, संघाच्या कामासाठी असते. किनाऱ्यावरच्या राज्याची त्यावर मालकी नाही. म्हणूनच संत्र्या-कापसाच्या या मराठी मुलखाचा, ज्याला किनारा नाही त्या पांढुर्णा आणि सौंसरचा, त्या समुद्रावर कोकणातल्या देवगडइतकाच हक्क पोहोचतो. तिथली वीजही दूरची राहत नाही: वीज हा समवर्ती सूचीतला विषय आहे, आणि २००३ च्या विद्युत अधिनियमाच्या कलम ८६ नुसार वितरण कंपनीने नवीकरणीय विजेचा किती वाटा घ्यावा हे मध्य प्रदेशातही राज्य आयोग ठरवतो.

हक्क होता, पण तो वापरायचा कसा याचे नियम नव्हते. १९८० च्या दशकात रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन इथे पहिल्या चक्क्या उभ्या राहिल्या त्या किनाऱ्यावर. पाण्यात कोणी उतरले नाही. राष्ट्रीय सागरी पवनऊर्जा धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये अधिसूचित झाले. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय हे त्याचे मुख्य मंत्रालय झाले आणि चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था मध्यवर्ती यंत्रणा. संरक्षण, गृह, पर्यावरण, नौवहन अशा अनेक खात्यांच्या परवानग्या एका दारातून मिळवून देण्याचे काम या संस्थेकडे आले. २०१७ च्या नोव्हेंबरात खंभातच्या आखातात लेसर किरणांनी वारा मोजणारे यंत्र बसले. गुजरात आणि तमिळनाडूचे किनारे प्राधान्याचे ठरले. कोकणाचा क्रमांक मागे राहिला.

समुद्रतळ भाड्याने देण्याचे नियम डिसेंबर २०२३ मध्ये आले, तेही १९७६ च्याच अधिनियमाखाली. मधली ४७ वर्षे ही खरी हानी आहे. प्रकल्पासाठी भाडेपट्टा ३५ वर्षांचा आहे.

प्रोत्साहनाच्या बाजूला पैसा लागतो, कारण खाऱ्या पाण्यातला पाया आणि समुद्रतळावरची केबल जमिनीपेक्षा फार महाग पडते. डिसेंबर २०३२ पर्यंत सुरू होणाऱ्या सागरी प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क माफ झाले. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली: गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यापुढे प्रत्येकी ५०० मेगावॉट, आणि अवजड सुटे भाग हाताळू शकतील अशा दोन बंदरांसाठी ६०० कोटी.

विंडेबीच्या अकरा चक्क्या पाव शतक चालून २०१७ मध्ये उतरवल्या गेल्या. भारताच्या समुद्रात २०२४ च्या अखेरीस एकही चक्की वीज देत नव्हती.