रेडिफ, रॅडिफ आणि एका अक्षराचा वाद

१/ कर्जत तालुक्यातील कडावचा एखादा शेतकरी शेतावर पर्यटकांसाठी चार खोल्या बांधतो, त्यांना सुबक नाव देतो आणि त्या नावाचे डोमेन मोकळे आहे का, हे पाहतो. ते मोकळे असते. परंतु नाव मोकळे असणे आणि नाव आपले असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. या भेदाचा इतिहास मुंबईतच घडला.

२/ डोमेन देण्याची रीत साधी: जो आधी मागेल, त्याला मिळेल. हुबेहूब तेच नाव आधी कोणी घेतले आहे का, एवढेच पाहिले जाते. त्यावर हक्क कोणाचा, हे नाही. भारतात व्यापारचिन्हांची नोंदणी मात्र १९४० च्या कायद्यापासून चालत आली आहे. या दोन व्यवस्थांची गाठ १९९९ मध्ये न्यायालयात पडली.

३/ मुंबईच्या ‘रेडिफ’चे संकेतस्थळ प्रसिद्ध असताना ‘सायबरबूथ’ने ‘रॅडिफ डॉट कॉम’ हे नाव घेतले. रोमन लिपीत फरक एकाच अक्षराचा: ‘ई’च्या जागी ‘ए’. ‘रॅडिकल’, ‘इन्फर्मेशन’, ‘फ्यूचर’ आणि ‘फ्री’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून आपण हे नाव घडवले, असा प्रतिवाद्यांचा बचाव होता.

४/ न्या. अजित प्रकाश शहा यांना ही व्युत्पत्ती पटली नाही. डोमेन हा केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हाइतक्याच संरक्षणास पात्र आहे, असे सांगून त्यांनी अंतरिम मनाई केली.

५/ त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू इंडिया डॉट कॉम’ रोखले. ‘याहू’ या चिन्हाची भारतात नोंदणी झालेली नव्हती. तरीही दुसऱ्याच्या लौकिकावर आपली सेवा खपवता येत नाही, हे जुने तत्त्व लागू झाले. म्हणजे नोंदवही कोरी असली, तरी धोका टळत नाही.

६/ २००४ मध्ये ‘सिफी’च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले. तेथेही एक जादा ‘एफ’ आणि प्रवर्तकांच्या आद्याक्षरांचा बचाव होता. तोही टिकला नाही. नाव कसे सुचले, यापेक्षा ते आधी कोणी वापरले आणि लोकांची फसगत होईल का, हे निर्णायक ठरले.

७/ कडावच्या शेतकऱ्यानेही म्हणून क्रम उलटा ठेवावा. व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर आधी शोध घ्यावा: उच्चारसाम्य असलेल्या नावांचाही, आणि निवासव्यवस्थेच्या ४३ व्या वर्गात तर अवश्य. मग नोंदणीविना चालणारी तशीच नावे बाजारात शोधावीत. नुसते ‘कडाव’ हे ग्रामनाम सहसा कोणा एकाची मिरास होत नाही. धोका असतो तो त्याला जोडलेल्या आकर्षक शब्दात. डोमेन घ्यावे ते त्यानंतर. पाटी रंगवून झाल्यावर आलेली नोटीस फार महाग पडते.