छतावरील सौर वीज : कोणते काम घरमालकाचे, कोणते परवानाधारकाचे

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या या योजनेसाठी ७५,०२१ कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला आणि मार्च २०२५ मध्ये तिने दहा लाख घरांचा टप्पा ओलांडला. सौर पॅनेल, तारा आणि इन्व्हर्टर आता खुल्या बाजारात सहज मिळतात. त्यामुळे हे सर्व साहित्य आणून घरच्या घरी जोडणी करता येईल का, असा प्रश्न अनेक कुटुंबांना पडतो. या कामाचा काही भाग घरमालकाने स्वतः करण्याजोगा आहे. उरलेला भाग मात्र कायद्याने परवानाधारकाकडे सोपविलेला आहे आणि त्यामागे जीविताच्या सुरक्षिततेचे कारण आहे.

वीज कशी तयार होते

सौर पॅनेलमधील सिलिकॉनच्या घटांवर प्रकाश पडला की दिष्ट विद्युतधारा निर्माण होते. घरातील दिवे, पंखे, शीतकपाट ही साधने प्रत्यावर्ती विद्युतधारेवर चालतात. हे रूपांतर करण्याचे काम इन्व्हर्टर करतो. पॅनेलवर लिहिलेली क्षमता ही प्रयोगशाळेतील ठरावीक स्थितीत, म्हणजे प्रति चौरस मीटर १,००० वॅट प्रकाश आणि घटांचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना मोजलेली असते. उन्हात घटांचे तापमान ६० अंशांच्या वर जाते आणि प्रत्येक वाढीव अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नव्हे. म्हणूनच पॅनेल छताला चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल इतके अंतर ठेवावे लागते.

भारतातील बहुतेक भागांत एक किलोवॅटचा संच वर्षभराच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. त्यासाठी सुमारे १० चौरस मीटर, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या आसपास, सावलीविरहित जागा लागते.

जागा, दिशा आणि सावली

भारत उत्तर गोलार्धात असल्याने पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि उतार साधारणपणे त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका असावा. चेन्नईत तो १३ अंशांच्या, मुंबईत १९ अंशांच्या, तर दिल्लीत २८ अंशांच्या आसपास येतो.

सावलीची पाहणी घरमालकाने स्वतः करावी, कारण आपल्या गच्चीवर वर्षभर सावली कशी फिरते हे त्यालाच ठाऊक असते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सर्वांत खाली असतो. त्या दिवसांत एक मीटर उंचीच्या दक्षिण कठड्याची सावली भर दुपारी मुंबईत सुमारे ०.९ मीटर, तर दिल्लीत सुमारे १.३ मीटर पडते. पाण्याची टाकी, जिन्यावरील खोली, शेजारची इमारत आणि वाढते झाड यांचाही विचार करावा लागतो. एकसर जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर सावली आली तरी संपूर्ण साखळीचे उत्पादन घटू शकते आणि झाकलेले घट तापून कायमचे खराब होऊ शकतात. हा परिणाम मर्यादित ठेवण्यासाठी पॅनेलमध्ये डायोड बसविलेले असतात, परंतु तो पूर्णपणे टळत नाही.

वजन आणि वारा

५४० वॅटच्या एका पॅनेलचे वजन सुमारे २८ किलो असते. पक्क्या स्लॅबला हे वजन सहसा जड नसते. खरा धोका वाऱ्याचा आहे. तिरप्या पॅनेलखाली शिरलेला वारा त्याला शिडाप्रमाणे वर उचलतो. वाऱ्याच्या भाराची गणना भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. किनारपट्टीवरील चक्रीवादळप्रवण जिल्ह्यांत ती न करता सांगाडा उभारणे धोक्याचे ठरते. सांगाडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा किंवा अॅल्युमिनियमचा असावा. स्लॅबला भोके पाडल्यास जलरोधक थराची दुरुस्ती त्याच वेळी करावी, अन्यथा पावसाळ्यात गळती सुरू होते. पत्र्याच्या किंवा कौलांच्या छतावर भार खालच्या वाशांवर अथवा लोखंडी कैच्यांवर यावा लागतो. जुन्या घरांत बांधकाम अभियंत्याचा सल्ला आधी घ्यावा.

जोडणीचे गणित

एकसर जोडणीत पॅनेलच्या विभवांतराची बेरीज होते, तर समांतर जोडणीत विद्युतधारेची. तीन किलोवॅटच्या घरगुती संचाचे उदाहरण घेता येईल. ५४० वॅटची सहा पॅनेल एकसर जोडली आणि प्रत्येकाचे खुल्या स्थितीतील विभवांतर ४९.५ व्होल्ट असले, तर साखळीच्या दोन टोकांमध्ये २९७ व्होल्ट येतात. थंडीत हा आकडा वाढतो. घटांचे तापमान ५ अंशांपर्यंत उतरले, तर तो सुमारे ३१३ व्होल्टवर जातो. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा या वाढीव आकड्याहून जास्त असली पाहिजे. उन्हाळ्यात याच साखळीचे चालू स्थितीतील विभवांतर २४९ वरून सुमारे २१४ व्होल्टपर्यंत घसरते आणि तेही इन्व्हर्टरच्या किमान मर्यादेच्या वर राहावे लागते.

तारेची जाडीही हिशेबानेच ठरते. छतापासून इन्व्हर्टरपर्यंत ३० मीटर अंतर असेल, तर जाऊन-येऊन तारेची लांबी ६० मीटर होते. चार चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १३ अँपिअर धारा वाहताना सुमारे साडेतीन व्होल्टची घट होते. ती दीड टक्क्याहून कमी असल्याने चालण्याजोगी आहे. तार मात्र सौर संचासाठीच बनविलेली, अतिनील किरणांना टिकणारी असावी. घरगुती वायरिंगच्या साध्या तारेचे आवरण उन्हात तडकते.

दिष्ट धारेचा धोका

घरातील विजेचा मुख्य खटका बंद केला की तारा निर्जीव होतात, हा सर्वांचा अनुभव असतो. सौर पॅनेलला हा नियम लागू पडत नाही. प्रकाश आहे तोवर पॅनेलच्या टोकांवर विभवांतर असतेच आणि तीनशे व्होल्टची दिष्ट धारा प्राणघातक आहे.

दुसरा धोका ठिणगीचा. घरगुती प्रत्यावर्ती धारा दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे खटका उघडताना उडालेली ठिणगी विझते. दिष्ट धारा शून्यावर येत नाही. तिची ठिणगी दोन धातूंमधील फटीत जळत राहते आणि आग लावू शकते. म्हणून या बाजूला दिष्ट धारेसाठीच प्रमाणित केलेले खटके व फ्यूज वापरावे लागतात. घरगुती एमसीबी तेथे चालत नाही. भार चालू असताना पॅनेलच्या जोडण्या ओढून काढू नयेत. आधी इन्व्हर्टर बंद करावा, मग दिष्ट धारेचा खटका उघडावा. जोडणीची दोन्ही टोके एकाच उत्पादकाची असावीत. वेगवेगळ्या बनावटीची टोके एकमेकांत बसली, तरी आतला संपर्क सैल राहून ती तापतात.

आर्थिंग आणि आकाशातील वीज

पॅनेलच्या चौकटी, सांगाडा आणि इन्व्हर्टरचे धातूचे कवच जमिनीशी जोडलेले असणे अनिवार्य आहे. आर्थिंगचे निकष भारतीय मानक ३०४३ मध्ये आहेत. प्रचलित पद्धतीत दिष्ट बाजू, प्रत्यावर्ती बाजू आणि तडितरक्षक यांच्यासाठी स्वतंत्र आर्थिंग दिले जाते. पाण्याच्या नळाला तार बांधणे हे आर्थिंग नव्हे. आकस्मिक उच्च विभवांतरापासून रक्षण करणारे उपकरण इन्व्हर्टरच्या दोन्ही बाजूंना बसवावे लागते.

भारनियमनात सौर वीज का बंद पडते

छतावर संच असूनही गावची वीज गेली की घरही अंधारात जाते, ही तक्रार नव्या ग्राहकांकडून वारंवार ऐकू येते. हा बिघाड नसून सुरक्षेची तरतूद आहे. वीजवाहिनीवर दुरुस्ती चालू असताना एखाद्या घरातून वीज उलट दिशेने वाहिनीत गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. रोहित्रातून उलट गेलेली ही वीज पुढे उच्चदाबाची होते. म्हणून वीजजाळ्याशी जोडलेला इन्व्हर्टर पुरवठा खंडित होताच आपोआप थांबलाच पाहिजे. ही कसोटी भारतीय मानक १६१६९ मध्ये दिली आहे. भारनियमनातही वीज हवी असल्यास बॅटरीसह चालणारा संमिश्र इन्व्हर्टर घ्यावा लागतो. तोही त्या वेळी घराला वाहिनीपासून विलग करूनच वीज पुरवितो. अप्रमाणित इन्व्हर्टर भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचून वीज ‘आत सोडणे’ ही म्हणूनच केवळ नियमभंगाची बाब राहत नाही.

कायदा आणि अनुदान

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, खटके बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विद्युत संचमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावे लागते. सूर्यघर योजनेचे अनुदान वीजजाळ्याशी जोडलेल्या घरगुती संचालाच मिळते आणि संच नोंदणीकृत विक्रेत्याने बसविलेला असावा लागतो. हे अनुदान एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोन किलोवॅटला ६०,००० रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये आहे. पॅनेलमधील घट भारतात बनलेले असण्याची अट आहे. २०२४ मधील नियमदुरुस्तीनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी तांत्रिक व्यवहार्यता अभ्यासाची अट काढण्यात आली आहे. स्वतः जोडलेल्या संचाला अनुदान मिळत नाही आणि वीज कंपनीच्या मंजुरीवाचून तो वाहिनीशी जोडता येत नाही.

घरमालकाच्या हातचे काम

वीजजाळ्याशी आणि घराच्या वायरिंगशी संबंध नसलेला १२ व्होल्टचा लहान संच मात्र हौशी व्यक्तीला उभारता येतो. १०० वॅटचे एक पॅनेल दिवसाला सुमारे ४०० वॅट-तास वीज देते आणि गळती वजा जाता ३०० वॅट-तास हाती येतात. त्यावर नऊ वॅटचे चार दिवे पाच तास आणि २८ वॅटचा एक दिष्टधारा पंखा चार तास चालू शकतो. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. या हिशेबाने एका दिवसासाठी किमान ५० अँपिअर-तासांची बॅटरी लागते.

जोडणीचा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. चार्ज नियंत्रकाला प्रथम बॅटरी जोडावी, त्यानंतर पॅनेल आणि शेवटी दिवे-पंखे. काढताना क्रम उलटा ठेवावा. जोडणी चालू असताना पॅनेल जाड कापडाने झाकावे. बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज बसवावा, कारण १२ व्होल्टची बॅटरीही शॉर्ट सर्किट झाल्यास शेकडो अँपिअर धारा सोडते. चार्ज होताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिची जागा हवेशीर आणि ज्योतीपासून दूर असावी.

मोठ्या संचाच्या बाबतीतही घरमालकाकडे बरेच काम उरते. वर्षभराच्या वीजबिलांवरून क्षमता ठरविणे, सावलीची नोंद घेणे, साहित्यावरील मानक चिन्हे तपासणे, आर्थिंगच्या चाचणीचे आकडे लेखी मागणे आणि जोडणीचा आराखडा जपून ठेवणे ही कामे त्यानेच करावीत. पॅनेल सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर मऊ कापडाने व साध्या पाण्याने धुवावीत. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, पॅनेलवर पाय ठेवू नये. आग लागल्यास वीज बंद करूनही छतावरील तारा जिवंत असतात, हे अग्निशमन जवानांना तत्काळ सांगावे. त्यासाठी दिष्ट धारेचा खटका कोठे आहे, हे घरातील प्रत्येक जाणत्या व्यक्तीला ठाऊक असावे.