मयत ग्राहकाचा वारस

आमच्या महाळुंगे पडवळला बाहेरचे लोक ओळखतात ते हुतात्मा बाबू गेनूंचं गाव म्हणून. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना ते गेले, आणि त्यांच्यामागे सगळ्या गावाला त्यांचं नाव लागलं. माणूस गेल्यावर नाव मागे राहतं म्हणतात ते खरं. पण नावाबरोबर आणखीही काय काय मागे राहतं, ते मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

झालं असं. आमचं जुनं घर बरीच वर्षं बंदच म्हणायचं. नोकरीमुळे मी बाहेरगावी, मुलं पुण्यात. घर मोकळं राहण्यापेक्षा कोणीतरी दिवा लावील म्हणून नात्यातल्या एका पुतण्याला राहायला दिलं होतं. (नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी मनात ठेवावं.) तो काही वर्षं राहिला, मग चाकणला कंपनीत लागला आणि जाताना परस्पर दुसऱ्या कोणाला तरी खोल्या भाड्याने देऊन गेला. तेही कधी गेले कळलं नाही. मी घर उघडलं तेव्हा मीटरच्या जागी भिंतीवर नुसता चौकोनी डाग होता आणि दाराखाली बिलांचा गठ्ठा.

नवीन जोडणीसाठी विजेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या मुलाने कॉम्प्युटरमध्ये जुना ग्राहक क्रमांक घातला आणि विचारलं, "गुरुजी, हे मयत ग्राहक तुमचे कोण?"

"वडील."

"मग वारस तुम्हीच. थकबाकी आहे, ३१ हजार ४०० रुपये. ती भरली की अर्ज पुढे जाईल."

मुलगा सभ्य होता, त्याची काही चूक नाही. पण माझे वडील जाऊन ३० वर्षं झाली! हयातीत त्यांनी एका दुकानदाराची उधारी ठेवली नाही. रात्री विनाकारण दिवा जळताना दिसला तर आम्हाला उठवून विझवायला लावायचे. त्यांच्या नावापुढे 'थकबाकीदार' हा शब्द पाहून मला रकमेपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "पण काका, मीटर तर आजोबांच्या नावावर होता ना?"

या वाक्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. शाळेत इतिहास शिकवल्यामुळे असेल, पण मनात पहिल्यांदा आलं ते १८७५ साल.

आपल्याच पुणे जिल्ह्यातलं भीमथडी तालुक्यातलं सुपे. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. मागणी एकच, आमची खतं द्या. खतं म्हणजे कर्जाचे कागद. ते हाती आले की जाळायचे. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. दंगे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मारामारी येते, पण या दंग्यात माणसांना इजा फार थोडी झाली. राग होता तो कागदावर.

तो का होता? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इकडच्या कापसाला भाव आला, तेव्हा कर्जही सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव उतरले, सारा मात्र वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोला वाचवण्याचा होता, पण झालं उलटंच. मुदत भरत आली की सावकार नवं खत करून घ्यायचा, आणि थकलेलं व्याज त्यात मुद्दल म्हणून चढायचं. कुणब्याला अक्षरओळख नसायची. सहीच्या जागी तो नांगराची निशाणी करायचा. वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक! बाप गेला की त्याच कागदावरून मुलाच्या नावाने नवा कागद व्हायचा. पैसे कोणी घेतले, किती घेतले, हे कोर्टातही कोणी खोलात जाऊन विचारत नसे. कागदावर नाव आहे ना, मग झालं.

बापाचं देणं मुलाने फेडायचं ही तर आपल्याकडची जुनी रीत. स्मृतिग्रंथांत तिचा हिशेबसुद्धा आहे. मुलाने बापाचं कर्ज व्याजासकट फेडावं, नातवाने आजोबाचं नुसतं मुद्दल द्यावं, पणतूवर बंधन नाही. दारू आणि जुगारापायी केलेलं कर्ज मात्र मुलावर येत नाही. मुंबई इलाख्यात तर बापाकडून काडीही मिळाली नसली तरी मुलाला देणं चुकत नसे. शेवटी १८६६ साली मुंबई सरकारने कायदा केला, की वारसाकडे मृताची जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. त्याच कायद्यातलं एक कलम वाचून मी थक्क झालो. विधवेशी लग्न करणाऱ्या माणसावर, केवळ त्या लग्नामुळे, तिच्या आधीच्या नवऱ्याचं कर्ज येणार नाही! म्हणजे तोवर पाट लावणाऱ्याच्या गळ्यात बायकोबरोबर मेलेल्या नवऱ्याचं देणंही पडत असलं पाहिजे. नाहीतर असं कलम लिहायची वेळ कशाला आली असती?

सुप्याच्या दंग्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे ते चार जिल्हे. त्यात न्यायाधीशाला सांगितलं, की नुसतं खत पाहून निकाल देऊ नका, व्यवहाराच्या सुरुवातीपर्यंत मागे जा आणि खरोखर किती दिलं-घेतलं ते शोधा. न्यायमूर्ती रानडे यांनी याच कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून काम केलं.

मला वाटतं, या दोन कायद्यांनी दोन साधे प्रश्न विचारायला शिकवलं. १८६६ चा प्रश्न, वारसाला मिळालं काय? आणि १८७९ चा प्रश्न, घेतलं कोणी?

आता माझ्या बिलाकडे येतो. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली. मुलींना वाटा मिळाला म्हणून ती सर्वांना माहीत आहे. पण त्याच दुरुस्तीने, केवळ धर्मकर्तव्य म्हणून बापाच्या नव्या कर्जासाठी मुलाला धरायचं, हेही बंद केलं. हजारो वर्षांची रीत एका पोटकलमात संपली. आणि गंमत बघा, त्याच २००५ साली महाराष्ट्रात वीजपुरवठ्याचे नियम आले. त्यांत लिहिलं, की मयत ग्राहकाची किंवा आधीच्या मालकाची थकबाकी त्या जागेवर बोजा म्हणून राहील. घर परक्याने विकत घेतलं तर त्याच्याकडून जास्तीत जास्त सहा महिन्यांची वसूल होईल. वारसाला मात्र ही सवलत नाही. २०२१ च्या नव्या नियमांतही हे तसंच आहे. सुप्रीम कोर्टानेही मे २०२३ मध्ये सांगितलं, की विजेचं देणं मुळात त्या ग्राहकाचं, पण नियमांत तशी तरतूद असेल तर नवी जोडणी देण्याआधी जागेची जुनी बाकी मागता येते.

म्हणजे मी परका असतो तर सहा महिन्यांचं भरून सुटलो असतो. मुलगा आहे म्हणून सगळं!

पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, यात १८६६ चा न्याय आहेच की. घर मला मिळालं, भिंती माझ्या, तर भिंतीवरचा डागही माझा. ऑफिसने पहिला प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर बरोबर होतं. राहिला दुसरा, घेतलं कोणी? तो ऑफिस कसा विचारणार? वडील गेल्यावर ३० वर्षांत मीटर माझ्या नावावर करून घेतला नाही तो मीच. घर देताना एका कागदावर चार ओळी लिहिल्या नाहीत त्याही मीच. नात्यात कागद कशाला, असं मला वाटलं. सुप्यात लोकांनी कागद जाळले कारण ते खोटे होते. मी खरा कागदही केला नाही.

तो दुसरा प्रश्न आता घरातच विचारायला हवा. मी पैसे भरले. पावतीवर वडिलांचं नाव आलं आणि बाकीच्या रकान्यात शून्य. ती पावती मी त्यांच्या फोटोमागे ठेवली आहे. नवा मीटर माझ्या नावावर आहे, आणि माझ्या माघारी काय करायचं ते मुलाला लिहून दिलं आहे.

पावतीची एक प्रत पुतण्यालाही पाठवली. पैसे मागितले नाहीत, फक्त खाली लिहिलं, "आजोबांच्या नावावरचं फिटलं. आता तुझ्या-माझ्यातलं राहिलं." दिवाळीत तो आला. चहा घेताना ५ हजार ताटलीखाली ठेवून गेला. बोलला काही नाही, मीही नाही. मी ते वहीत त्याच्या नावावर जमा केले.

आपापल्या गावच्या घरांचे मीटर कोणाच्या नावावर आहेत, मंडळी, एकदा पाहून घ्या. आणि काय निघालं ते मलाही कळवा.