झाकलेले चित्र

२०२० च्या जूनमध्ये शाळा उघडल्या नाहीत आणि साताऱ्यातील आमच्या घरातच एक शाळा भरू लागली. विद्यार्थी दोन : आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. शिक्षक आम्ही, एरवी पदवीच्या वर्गांना मराठी शिकवणारे. एके दिवशी पाठ्यपुस्तकांचा कंटाळा आला, तेव्हा आजोबांच्या पेटीतून औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे १९१६ सालचे ‘चित्ररामायण’ बाहेर काढले. बांधणी सुटलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. मजकूर वाच म्हटले, तर मुलगी चित्रांतच रमलेली. तिचे लक्ष अक्षरांकडे वळावे म्हणून आम्ही तळहाताने चित्र झाकले. तेव्हा तिने विचारले, “बाबा, रामाच्या वेळी असेच कपडे होते का? चित्र काढणाऱ्याला कसं कळलं?”

आम्ही वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. शोधू गेलो तेव्हा लक्षात आले की, त्याच्या उत्तराचा काही भाग औंधच्याच इतिहासात आहे.

खटाव तालुक्यातील औंध हे या लहानशा संस्थानाचे मुख्य ठिकाण. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडल ही गावेही त्याच संस्थानातली. बाळासाहेब (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, चित्रांचे संग्राहकही होते. त्यांनी जमवलेल्या कलाकृती औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात आहेत. रविवर्म्याची चित्रे त्यांत आहेतच. बाळासाहेबांच्या स्वतःच्या पौराणिक चित्रांवरही त्या वळणाची छाया आहे.

‘चित्ररामायणा’नंतर दोनच वर्षांनी, जुलै १९१८ मध्ये, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेपुढे बाळासाहेबांनी महाभारताच्या चिकित्सक आणि सचित्र आवृत्तीची कल्पना मांडली व तिच्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १९१९ साली कामास आरंभ झाला. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. देशभरातील हस्तलिखिते मिळवून त्यांतील पाठभेद ताडून पाहिले गेले. १९६६ पर्यंत एकोणीस खंड पुरे झाले. हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकाला ठाऊक असतो. तथापि या संकल्पातील ‘सचित्र’ हा शब्द आम्ही वर्गात कधी उच्चारलेला आठवत नाही. खंडांच्या शीर्षकपानावर संपादकासोबत चित्रकार म्हणून बाळासाहेबांचे नाव आहे, आणि ही चित्रे प्राचीन नमुन्यांवरून काढली असल्याचा निर्वाळाही आहे.

या निर्वाळ्यात फार मोठी गोष्ट आहे. श्लोक कवीचा की मागाहून घुसडलेला, हे जसे पुराव्याने ठरवायचे, तसेच वस्त्र, अलंकार, आयुध आणि रथ यांचेही रूप पुराव्याने ठरले पाहिजे, अशी भूमिका तिच्यामागे आहे. बाळासाहेबांनी वेरूळ आणि अजिंठा यांवर ग्रंथ लिहिले, अजिंठ्यावरचा १९३२ सालचा. हे त्याच जिज्ञासेशी सुसंगत आहे. अर्थात लेण्यांतील वेश हा लेणी कोरणाऱ्यांच्या काळाचा. त्यावरून महाभारतकालीन वेश सिद्ध होत नाही. पण मग हाती आलेली हस्तलिखितेही मूळ रचनेनंतर कित्येक शतकांची होती. दोन्हीकडे मिळेल त्या पुराव्यावरून मागे जाण्याचा प्रयत्न होता, आणि दोन्हीकडे मर्यादा होत्या.

आमच्या शिक्षणात मात्र चित्र म्हणजे अक्षरओळख होईपर्यंतची कुबडी. वाचता येऊ लागले की ती टाकायची. आपल्या परंपरेत असे नव्हते. पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या गठ्ठ्याला पोथीच म्हणतात आणि एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारत सांगतात. तेथे चित्र हाच पाठ असतो.

चित्र झाकून आम्ही मुलीला वाचन शिकवीत होतो, असा आमचा समज होता. वस्तुतः तिचे वाचन चालूच होते. ‘कसं कळलं?’ हा पाठचिकित्सेचा पहिला प्रश्न. पदव्युत्तर वर्गात तो विद्यार्थ्यांच्या तोंडून यावा म्हणून आम्ही सत्र सत्र खटपट करतो. घरी तो आला, तेव्हा त्याच्यावर आमचाच हात होता.

दुसऱ्या दिवशी ‘चित्ररामायण’ पुन्हा उघडले. या वेळी हात मागे घेतला, आणि कपडे कोणी पाहिले होते, येथूनच पाठाला सुरुवात केली.