रंग वाळला म्हणजे नेमके काय?

रंग वाळणे म्हणजे त्यातील द्रव उडून जाणे, ही समजूत जवसाच्या तेलात कालवलेल्या रंगांना लागू पडत नाही. हे तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते; वाळताना त्याचे वजन आरंभी चक्क वाढते! ही क्रिया तपमानानुसार कमीअधिक वेगाने चालते. म्हणूनच लंडनच्या थंडीत मोजलेला अवधी कलकत्त्यात जसाच्या तसा चालणार नव्हता. हावड्यात शालिमारचा रंगकारखाना 1902 मध्ये उभा राहिला. रंग इथे बनू लागल्यावर घड्याळही इथलेच हवे होते.

ते मिळाले स्वातंत्र्यानंतर. 1947 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने चाचण्यांसाठी 27 अंश सेल्सिअस तपमान आणि 65 टक्के सापेक्ष आर्द्रता हे प्रमाण ठरवले. समशीतोष्ण देशांत 23 अंश व 50 टक्के रूढ आहे.

रंगचाचण्यांच्या ‘आयएस 101’ या मानकात वाळण्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या धरल्या आहेत. वरचा पापुद्रा धरला का, हे पाहण्याची जुनी रीत म्हणजे थरावर बारीक कोरडी वाळू किंवा काचमणी टाकून ते कुंचल्याने हलकेच झाडणे. सारे कण निघाले आणि ओरखडा उमटला नाही, तर वरून वाळला. आतपर्यंत वाळला का, हे मात्र अंगठा जोराने दाबून काटकोनात फिरवून ठरवत. एवढ्या काटेकोर हवामानात अखेरचा निवाडा अंगठ्याचा, हे मोठे गमतीचे! पण त्याची घाई महागात पडते. आतला थर मऊ असताना दुसरा हात दिला, तर रंगाला सुरकुत्या पडतात. लोखंडी पुलावर अशाच जागी रंग सुटतो आणि गंज धरतो.