अज्ञात प्राप्तकर्त्याची ईमेल नाकारणे

अज्ञात प्राप्तकर्त्याची ईमेल नाकारणे ही ईमेल सर्व्हरची एक कार्यपद्धती आहे. सर्व्हरवर अस्तित्वात नसलेल्या खात्याच्या नावे आलेली ईमेल स्वीकारण्यापूर्वीच, पाठवणाऱ्या सर्व्हरशी संपर्क चालू असताना नाकारली जाते.

कार्यपद्धती

ईमेलची देवाणघेवाण एसएमटीपी या प्रोटोकॉलनुसार होते. जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात त्याचे नियम मांडले. आरएफसी ५३२१ ही त्यांची ऑक्टोबर २००८ मधील सुधारित आवृत्ती होय. पाठवणारा सर्व्हर आधी प्रेषकाचा, मग प्राप्तकर्त्याचा पत्ता आणि शेवटी मजकूर देतो. प्राप्तकर्त्याचे खाते न आढळल्यास ५५० हा कायमस्वरूपी नकाराचा संकेतांक दिला जातो व मजकूर घेतला जात नाही. प्रेषकाला चूक कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरवर राहते. खात्यांची यादी तात्पुरती उपलब्ध नसल्यास ४५१ हा संकेतांक देतात, म्हणजे पाठवणारा सर्व्हर काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. अशा वेळी ५५० दिल्यास खऱ्या खातेदारांच्या ईमेलही परत जातात.

टपालाशी तुलना

श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिन कोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. गिरगावचा ४००००४ किंवा परळचा ४०००१२ हा क्रमांक पत्राला वितरण करणाऱ्या टपाल कार्यालयापर्यंत नेतो. चाळीतील बिऱ्हाड मात्र पोस्टमनला शोधावे लागते. त्याचप्रमाणे डोमेन ईमेलला सर्व्हरपर्यंत नेते आणि त्याआधीचे नाव खाते दर्शवते. माणूस न सापडल्यास पत्र शेरा मारून प्रेषकाकडे परत जाते. ईमेलवरील प्रेषकाचा पत्ता मात्र सहज खोटा लिहिता येतो.

इतर पद्धती व मर्यादा

ईमेल आधी स्वीकारून नंतर परत पाठवल्यास, ज्याचा पत्ता खोटेपणाने वापरला गेला त्या निरपराध व्यक्तीकडे परतीच्या ईमेलचा ढीग साचतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. पर्यायी सर्व्हरकडे खात्यांची यादी नसल्यासही हेच घडते. ईमेल मूकपणे नष्ट केल्यास पत्त्यात एका अक्षराची चूक करणाऱ्या अर्जदाराला आपला अर्ज पोहोचलाच नाही, हे कधीच कळत नाही. दुसरीकडे, नकाराच्या उत्तरांवरून कोणती खाती खरी आहेत याचा शोध स्पॅम पाठवणारे घेऊ शकतात. त्यामुळे एका संपर्कात ठरावीक नकारांनंतर उत्तरे लांबवणे किंवा संपर्क तोडणे, हे उपाय योजले जातात.