कोरपन्यातली धूळ नेमकी कुठून येते?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यात जमिनीखाली चुनखडीही आहे आणि कोळसाही. सिमेंटला दोन्ही लागतात. म्हणून गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा अशा जवळजवळच्या गावांपाशी कारखाने उभे राहिले. प्रदूषणाचा विषय निघाला की बोट लगेच चिमणीकडे जातं. पण कपाशीवर बसलेली सगळी धूळ चिमणीतूनच आलेली नसते. शेतकऱ्याला नुकसानभरपाई मागायची असेल तर धूळ कुणाची, हा प्रश्न पहिला येतो.

चुनखडीचा प्रवास बघा. खाणीत सुरुंग लागतो, डंपर दगड वाहतात, क्रशर तो फोडतो. मग बारीक दळलेला दगड भट्टीत सुमारे 1450 अंश सेल्सिअसला भाजला जातो. त्याचे गोळे, म्हणजे क्लिंकर, जिप्सम आणि राखेसोबत पुन्हा दळले की सिमेंट तयार. यातल्या प्रत्येक टप्प्यावर धूळ उडते. चिमणीची धूळ एकाच तोंडातून निघते, त्यामुळे तिथे बॅग फिल्टर किंवा विजेवर चालणारं धूळसंकलक यंत्र बसवता येतं. ते नीट चाललं तर बहुतेक धूळ अडते. बंद पडलं तर काही मिनिटांत आभाळ पांढुरकं होतं.

उघडी खाण, डंपरचा रस्ता, कोळशाचे ढीग यांना मात्र असं झाकण नाही. ट्रकमधून सांडलेला माल चाकांखाली पिठासारखा होतो आणि मागून येणारी प्रत्येक गाडी तो पुन्हा हवेत उडवते. पाणी मारलं तर धूळ बसते, पण चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ते टिकतं किती वेळ!

कापूस वेचणीचे दिवस नेमके हिवाळ्याचे. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही, धूळ खालीच रेंगाळते आणि उमललेल्या बोंडात अडकते. रंगावरून अंदाज येतो: काळी असेल तर कोळशाची, राखाडी-पांढरी असेल तर सिमेंटची किंवा राखेची, लालसर असेल तर मुरमाच्या रस्त्याची. हा अंदाजच, कारण बहुधा सगळ्यांची सरमिसळ असते. खात्री प्रयोगशाळेत होते. चुन्याचं प्रमाण जास्त निघालं तर चुनखडी-सिमेंटकडे बोट जातं, कार्बन जास्त निघाला तर कोळशाकडे.

न दिसणारं प्रदूषण वेगळंच. चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो: 100 किलो शुद्ध चुनखडीमागे 44 किलो. इंधनाचा धूर याशिवाय. त्यामुळे कारखाना उद्या पूर्ण सौरऊर्जेवर चालवला तरी हा वाटा उरतोच.

कोळशाचं गणित निराळं. उघड्या खाणीत कोळशाआधी माती-दगड उपसावे लागतात, त्यांचे डोंगर होतात आणि पावसात गाळ नाल्यात उतरतो. थरात पायराइट असेल तर हवा-पाणी लागून आम्ल तयार होतं आणि पाणी गंजासारखं पिवळट दिसतं. तालुक्याच्या कडेने वाहणारी पैनगंगा पुढे वर्धेला मिळते, म्हणजे इथलं पाणी इथेच थांबत नाही. भारतीय कोळशात राखही भरपूर, साधारण 30 ते 45 टक्के. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांतली ही राख सिमेंटमध्ये मिसळता येते, पोझोलाना सिमेंटमध्ये 35 टक्क्यांपर्यंत. एकाचा कचरा दुसऱ्याचा कच्चा माल होतो, हे चांगलंच. पण ती नेताना उडाली तर तीही धूळच.

घरचा कचरा यापुढे किरकोळ वाटतो. तरी शेताच्या बांधावर जाळलेली पऱ्हाटी, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या आणि पेटवलेलं प्लास्टिक यांचा धूर थेट माणसांच्या नाकाशी असतो.

धुळीची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात करता येते. सोबत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि पानांचे फोटो असले तर उगम शोधणं सोपं जातं. पीक खराब झालं असेल तर पंचनामा वेचणीआधीच मागावा, कारण एक पाऊस आला की पानावरचा पुरावा धुऊन जातो.